घाट चढणारी तारांवरची बस

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

ई-शिवनेरीने बोरघाट कसा दमछाक न होता चढला, हे तू इतकं रंगवून लिहिलंयस की मला क्राइमियातलं सिम्फेरोपोल आठवलंच. डॉक्टरकी शिकायला तिथे होतो तेव्हाच्या पत्रांत परीक्षा आणि थंडी यांनीच सगळी जागा खाल्ली. तिथल्या ट्रॉलीबसबद्दल, म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेऊन रस्त्यावर धावणाऱ्या बसबद्दल, आज सविस्तर लिहितो.

क्राइमियात सिम्फेरोपोल ते याल्टा हा 86 किलोमीटरचा ट्रॉलीबसचा मार्ग आहे, जगातला सर्वांत लांब. काळ्या समुद्राकाठी सोव्हिएत काळात आरोग्यधामं उभी राहिली आणि उन्हाळ्यात माणसांची रीघ लागू लागली. पण याल्टाच्या बाजूला रेल्वे सिम्फेरोपोलपर्यंतच येते, पुढे डोंगररांग आडवी येते. रूळ न्यायचे तर बोगदे खोदा, खर्चही डोळे पांढरे करणारा. म्हणून रस्त्यावरूनच तारा ओढल्या. 1959 मध्ये बस समुद्रकाठच्या आलुश्तापर्यंत गेली, 1961 मध्ये याल्टापर्यंत. मध्ये आंगार्स्क खिंड लागते, 752 मीटर उंच, म्हणजे आपल्या लोणावळ्याच्याही वर. शहरातल्या चौकाचौकांत फिरणारी गाडी डोंगर ओलांडून समुद्रावर जाते, हे मला आजही थोर वाटतं.

ट्रामला एक तार पुरते, कारण वीज रुळांतून परत जाते. ट्रॉलीबसची चाकं रबराची, म्हणून डोक्यावर दोन तारा आणि टपावर दोन लांब दांडे. दांड्याच्या टोकाला खोबणीसारखा जोडा असतो, त्यात कार्बनचा तुकडा. तोच तारेला घासत जातो आणि झिजला की बदलायचा. दांडे फिरते असल्यामुळे गाडी तारांच्या दोन्ही अंगांना चार-साडेचार मीटर सरकू शकते, रस्त्यात उभ्या ट्रकला वळसा घालते.

घाटात तिचं खरं पाणी दिसतं. विजेची मोटर थांबल्या जागेवरूनच पूर्ण ओढ देते, त्यामुळे चढावर गिअरची खडखड नाही, काळा धूर नाही. आणि उतारावर? तीच मोटर वीज बनवणारं जनित्र होऊन चाकांना रोखून धरते. मी ज्या जुन्या झेक स्कोडा गाड्यांत बसायचो, त्यांत ही वीज रोधकांमध्ये उष्णता होऊन निघून जायची. पण ब्रेक तापून हात टेकायची वेळ येत नसे, आणि आलुश्त्याचा उतार पाहशील तर हे केवढं मोलाचं आहे ते कळेल. शिवाय बॅटरीचं ओझं वाहायचं नाही. आज बॅटरीवाल्या बसला घाटात आपलंच वजन वर ओढावं लागतं. इथे वीज बाहेरून, जितकी हवी तितकी.

खोट आहेच. एका हिवाळी संध्याकाळी वळणावर दांडा तारेवरून सटकला. गाडीत अंधार, पंखा बंद. चालक बाई मुकाट्याने उठल्या, जाड हातमोजे चढवले, मागे जाऊन दोरी ओढून दांडा खाली घेतला आणि वर बघत नेमका तारेखाली आणून सोडला. जरा ठिणग्या उडाल्या, दिवे लागले, आणि त्या पुन्हा जागेवर येऊन बसल्या. एकाही प्रवाशाने मान वर केली नाही. त्या कामातला सराईतपणा मी अजून विसरलेलो नाही.

आता आपल्याकडचं. 11 जून 1962 रोजी मुंबईत गोवालिया टँक ते माझगाव गोदी अशी ट्रॉलीबस सुरू झाली, 'बेस्ट'ची, बारा गाड्या. 1971 च्या मार्चमध्ये ती बंद झाली. मला वाईट वाटतं ते एवढ्याचसाठी की तिला एकाच छोट्या मार्गावर बांधून ठेवलं, पसरूच दिलं नाही. तारा, उपकेंद्रं, कारागीर हा सगळा खर्च जाळं मोठं असेल तेव्हाच अंगावर न येता फिटतो. क्राइमियात गाडी शहरांच्या आतही धावली आणि एका शहरातून दुसऱ्या शहरातही, म्हणून तग धरून राहिली. चढ-उताराच्या, कायम गर्दीच्या रस्त्यांसाठी आपण तारांचा पुन्हा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. तू परिवहन खात्यातच आहेस, तुझ्या वरिष्ठांपुढे हे एकदा मांड.

आणि एक काम कर. तुझे काका तेव्हा माझगावला राहायचे ना? त्यांना विचार, दांडा सुटला की खाली ड्रायव्हर उतरायचा की कंडक्टर? आणि ऐन पावसाळ्यात गाडी कशी चालायची? त्यांच्याच तोंडचं लिहून पाठव.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शिरीष