विमान हळू चालवलं असेल म्हणे!

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मुंबई–न्यूयॉर्क प्रवासाची चुकीची वेळ आणि तीवरून पाठवलेली गाडी

तुमच्या कॉल सेंटरचा चौथा फोन आत्ताच ठेवला, म्हणून हे लिहितोय.

तुमचं अ‍ॅप मुंबई ते न्यूयॉर्क अंतर १२,५५० किलोमीटर आणि वेळ १३ तास ५७ मिनिटं दाखवतं. अंतराबद्दल तक्रार नाही. पण त्याला ताशी ९०० किलोमीटर या वेगाने भागा, नेमकं तेवढंच उत्तर येतं! धावपट्टीपर्यंतची रांग, समोरचा वारा, काही धरलेलं नाही. ती सरळ रेघ सिंधवरून जाते, आणि २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे. तिकिटं विकता, तेव्हा हे तुम्हाला ठाऊक असणारच. येताना वारा पाठीशी असतो, तास-दीड तास वाचतो. तिथेही तुमचे १३ तास ५७ मिनिटंच.

सप्टेंबरात माझी ७२ वर्षांची आई बहिणीच्या बाळंतपणासाठी एडिसनला गेली. विमानतळावरची गाडी तुमच्याच अ‍ॅपवर घेतली, तिची वेळ अ‍ॅपनं आपणहून भरली. विमान इथून रात्री दोनला सुटलं. गाडी तिथल्या सकाळी ६:२७ ला हजर, ७:२७ ला परत. विमान उतरलं ८:३५ ला. आई डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन दोन तास बाकावर बसून होती. वर ‘प्रवासी आला नाही’ म्हणून ९५ डॉलर कापलेत.

आता आजचा संवाद ऐका. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच.

“सर, गाडी वेळेवर होती.”
“विमान हवेत होतं.”
“सिस्टिममध्ये तेरा तास सत्तावन्न दिसतंय, सर.”
“सोळा तास लागले.”
“मग विमान हळू चालवलं असेल. ते एअरलाइनला विचारा.”

तिकिटावर उतरायची वेळ तुम्हीच छापलीत, ती तरी बघा, म्हटलं. त्यावर अकरा मिनिटं सनई ऐकवली. मग सल्ला: “पुढच्या वेळी उशीर होत असेल तर आईंना आधी फोन करायला सांगा.” कुठून करायचा? ढगातून? शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण ‘हळू चालवलं असेल’ डोक्यातून जात नाही. रिक्षा होती का ती?

९५ डॉलर पंधरा दिवसांत परत करा आणि गाडीची वेळ तिकिटावरून धरा. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठाण्याच्या ग्राहक आयोगात जाईन. इतकी वर्षं घरातली सगळी तिकिटं तुमच्याकडून काढली, याची आता लाज वाटते. आणि ९५ डॉलर कापलेत हे पुन्हा सांगतो, कारण चारही वेळा ते कुणी लिहूनच घेतलं नाही.

एक ग्राहक, ठाणे

ता. क. आई डिसेंबरात परत येतेय. गाडी घेऊन मीच जाणार आहे.