इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचा पूर्ण खर्च कुणी छापेल का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी बार्शीत नेट कॅफे चालवतो. आता नेट कॅफे नावालाच उरलाय, धंदा सगळा फॉर्म भरण्याचा. सीईटीचा निकाल लागला की इंजिनिअरिंगचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचची पसंतीयादी, भरायला आसपासच्या गावांतून पालक येतात, सोबत मुलगा किंवा मुलगी, आणि हातात बहुतेक वेळा तुमच्याच पेपरची ॲडमिशनची पुरवणी असते. त्या पुरवणीबद्दलच लिहायचंय. त्यात कोणती ब्रँच घ्यावी, करिअर कसं निवडावं, एआयचं भविष्य काय, असे लेख असतात आणि मधे मधे पानभर कॉलेजांच्या जाहिराती. पण या पोराला कुठं नंबर लागू शकतो आणि चार वर्षं शिकवायला घरातून किती पैसे जातील, हे दोन प्रश्न घेऊन जो माणूस माझ्यासमोर बसतो त्याला त्या पुरवणीत काही मिळत नाही.

पहिली गोष्ट पर्सेंटाइलची. 90 पर्सेंटाइल आले म्हणून पेढे घेऊन येतात, मी पण खातो, पण शंभरात नव्वद मार्क असा तो अर्थ नाही, शंभरातली नव्वद पोरं आपल्या मागं आहेत असा आहे. पीसीएम ग्रुपला चार लाखांच्या वर पोरं बसतात, म्हणजे 90 वाल्याच्या पुढं चाळीस हजार पोरं उभी आहेत. आणि राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा आता दोन लाखांच्या आसपास आहेत, त्यामुळं 65-70 वाल्यालाही सीट मिळतेच मिळते. सीट मिळणार नाही ही भीती जुनी झाली, आता परवडणारी आणि बरी सीट मिळणं अवघड आहे. पण एजंट लोक अजून त्याच जुन्या भीतीवर धंदा करतात, "आत्ताच बुक करा, नंतर काही मिळणार नाही" म्हणून निकालाआधीच टोकन घेऊन ठेवतात.

आता फॉर्मचं बघा. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय ॲडमिशन प्रक्रियेत, तीनशेपर्यंत ऑप्शन भरता येतात. 82 पर्सेंटाइलचा मुलगा येतो आणि यादीत फक्त पुणे आणि फक्त कॉम्प्युटर, तीस-चाळीस ऑप्शन, सगळ्यांचा कटऑफ याच्यापेक्षा दहा-बारा पर्सेंटाइल वर. का तर "सर, मित्र पण तिथंच भरतायत". राउंडवर राउंड काहीच लागत नाही, घरात रडारड होते, आणि मग कुणाचा तरी फोन येतो की अमुक कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट आहे, उद्याच्या उद्या या. याच्या उलट घाबरट पालक असतात, ते खात्रीचं म्हणून साधं कॉलेज एक नंबरला टाकतात. 2025 पासून चार राउंड झालेत आणि नियम असा की पहिल्या राउंडला एक नंबरचा ऑप्शन लागला तर तो घ्यायचाच, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनमधला लागला तर घ्यायचा, तिसऱ्याला पहिल्या सहामधला. नाही घेतला तर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर. म्हणजे भीतीपोटी वर टाकलेलं कॉलेज पहिल्याच राउंडला गळ्यात पडतं, आणि कदाचित वरचं मिळालं असतं ही रुखरुख चार वर्षं राहते. यादी आवडीच्या क्रमानं लावायची, पण तिची लांबी आपल्या पर्सेंटाइलच्या चार-पाच खालीपर्यंत गेली पाहिजे एवढं साधं गणित आहे, आणि ते सांगायचे काउन्सेलर लोक हजारो रुपये घेतात.

कटऑफची पीडीएफ सीईटी सेलच्या साइटवर फुकट असते. ती वाचायची कशी हे मात्र कुणी सांगत नाही, नुसता आकडा बघतात आणि आपला समजतात. तिथं प्रत्येक आकड्यावर कोड असतो. सुरुवातीला जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची जागा, मधे आपली कॅटेगरी, आणि शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं, एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (बारावी जिथं केली त्या भागातलं विद्यापीठ), ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीची जागा. आमच्या बार्शीत बारावी केलेल्या पोराची होम युनिव्हर्सिटी सोलापूर. तो पुण्याच्या खासगी कॉलेजचा एचचा कटऑफ बघून खुश होतो आणि त्याला लागू असतो ओ. आणखी एक गंमत, सोलापूरचं वालचंद वेगळं आणि सांगलीचं वालचंद वेगळं. सांगलीचं 1947 सालचं, अनुदानित, त्याचा कटऑफ कुठं आणि आपण कुठं, पण नुसतं "वालचंद" म्हणून दोन्हीची सरमिसळ करणारे दर वर्षी येतात.

आता पैशाचं बोलू, कारण खरी गडबड तिथंच आहे. लोक दोन कॉलेजांची फी शेजारी शेजारी ठेवून तुलना करतात. समजा पुण्यातल्या एका कॉलेजची फी 1,30,000, त्यात ट्यूशन 1,15,000 आणि बाकी डेव्हलपमेंट फी. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून, म्हणजे आपण ज्याला ईबीसी म्हणतो त्यातून, ट्यूशनचे निम्मे सुटतात, ती सूट पूर्ण फीवर नसते. भरायचे राहिले 72,500, चार वर्षांचे 2,90,000. इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पण पुण्यात कॉट बेसिसवर जागा, मेस, प्रवास, मोबाईल धरून महिन्याला दहा हजार तरी लागतात, दहा महिने धरले तरी वर्षाला एक लाख, चार वर्षांचे चार लाख. म्हणजे राहण्या-खाण्याचा खर्च फीपेक्षा जास्त! वर लॅपटॉप. सात-साडेसात लाखांचा मामला आहे आणि बाप माझ्याकडं बसून "फी तर फक्त बहात्तर हजार आहे ना" म्हणत असतो. तेच सोलापूर किंवा पंढरपूरला, समजा फी 90,000 आणि त्यात ट्यूशन 80,000, तर भरायचे 50,000, पोरगं एसटीचा पास काढून जाऊन-येऊन करू शकलं किंवा कॉलेजच्या हॉस्टेलला राहिलं तर सगळं मिळून चार लाखांत डिग्री होते. या फरकाच्या तीन लाखांसाठी आमच्याकडं लोक शेत गहाण टाकतात.

पुण्याला जाऊच नये असं मी म्हणत नाही. पीआयसीटी, व्हीआयटी, कमिन्स असलं काही मिळत असेल तर कर्ज काढून जा, साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. पण पुण्याच्या बाहेर वीस-पंचवीस किलोमीटरवर डोंगराच्या कडेला असलेलं, नाव कुणाला माहीत नसलेलं कॉलेज निव्वळ "पुणे" या पत्त्यासाठी घ्यायचं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यापेक्षा सरकारी आणि अनुदानित कॉलेजांकडं बघा ना. कराड, अमरावती, संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर, अवसरी, नांदेडचं एसजीजीएस, लोणेरेचं बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ, इथली फी खासगीच्या मानानं बरीच कमी. कॉम्प्युटर नाही मिळणार कदाचित, पण इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिलचे कटऑफ खाली असतात. "चंद्रपूर लांब आहे" म्हणतात. लांब आहेच, पण दिवाळीला आणि उन्हाळ्यालाच तर यायचंय.

कॉम्प्युटरबद्दल सांगायचं तर 2024-25 पासून एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं) जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि चांगल्या चालणाऱ्या कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्याच तुकड्या वाढवल्या, वर एआय-डेटा सायन्स अशा नावांच्या ब्रँचेस. तिथं शिकवायला माणसं आहेत का आणि त्या ब्रँचची एक तरी बॅच पास होऊन बाहेर पडलीय का, हे विचारा. होर्डिंगवरचं "हायेस्ट पॅकेज" एका पोराचं असतं. त्यापेक्षा कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफ (केंद्र सरकारचं कॉलेजांचं रँकिंग) नावाची पीडीएफ शोधा, जी कॉलेजं त्या रँकिंगला बसतात त्यांना ती टाकावीच लागते, त्यात किती पोरं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या पोराचा पगार किती हे लिहिलेलं असतं. होर्डिंग आणि पीडीएफ एकदा शेजारी ठेवून बघाच.

सवलतींचं तर अज्ञान फारच. टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी पूर्ण माफ असलेल्या पाच टक्के जादा जागा, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुणालाही मेरिटवर मिळतात, पण ऑप्शन फॉर्ममध्ये त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, तो स्वतंत्र भरावा लागतो. हे माहीत नसल्यानं कितीतरी जण तो भरतच नाहीत. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, तरी "मुलीला एवढा खर्च कशाला" म्हणून बीएस्सीला घालणारे बाप अजून भेटतात, तेव्हा राग येतो. मात्र हे सगळं कॅपमधून ॲडमिशन घेतली तरच. मॅनेजमेंट कोट्यात किंवा खासगी विद्यापीठात गेलात की मुलींची फीमाफी गेली, आणि एजंट नेमकं हेच सांगत नाही. राहण्यासाठी स्वाधार, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आहेत, ज्याची त्याची कॅटेगरी आणि अटी बघून अर्ज करायचा. पैसे उशिरा येतात, ते धरून चालायचं. काही कॉलेजं सवलत असूनही ॲडमिशनला पूर्ण फी मागतात, "स्कॉलरशिप आली की परत देऊ" म्हणतात, तेव्हा पावती घ्या आणि लेखी मागा. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, जात वैधता ही कागदं निकालानंतर काढायला धावू नका, तेव्हा सगळीकडं रांग असते.

दहावीचे पालक वाचत असतील तर त्यांना, सरकारी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर होतं. अकरावी-बारावीच्या क्लासची लाख-दीड लाख फी वाचते ती वेगळीच.

संपादक साहेब, तुमच्याकडं मागणी एकच. ऑप्शन फॉर्म सुरू व्हायच्या आठवडाभर आधी पुरवणीत एक तक्ता छापा. जिल्ह्यातली आणि शेजारच्या जिल्ह्यांतली कॉलेजं, शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली फी, त्यात ट्यूशन किती आणि डेव्हलपमेंट किती, हॉस्टेल-मेसचा खर्च, गेल्या वर्षीचा शेवटच्या राउंडचा कटऑफ. माहिती सगळी सरकारी साइटवर पडलेली आहे, फक्त एकत्र नाही. जाहिरात देणारे एखाद-दुसरे नाराज होतील हे मला कळतं. आणि छापलात तर तो फक्त पुणे आवृत्तीत नको, सोलापूर-धाराशिवच्या पानांवरही येऊ द्या, मी त्याच्या झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवीन, पैसे घेणार नाही.

आपला,
एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)