चांदीचा मुलामा असलेला टायबेरियसचा डिनॅरियस अस्सल चांदीचा म्हणून विकल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
मुंबई

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा विभागाशी झालेल्या बोलण्यानंतर हे प्रकरण फोनवर मिटेल ही आशा मी सोडून दिली आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. आपल्या कॅटलॉगमध्ये ‘टायबेरियस, डिनॅरियस, लुग्दुनुम टांकसाळ, आरआयसी 30, चांदी, 3.74 ग्रॅम’ असे वर्णन असलेले नाणे मी 42,000 रुपयांना विकत घेतले. (डिनॅरियस म्हणजे रोमन चांदीचे नाणे, टायबेरियस हा रोमन सम्राट, लुग्दुनुम म्हणजे आजचे फ्रान्समधले लियाँ, आणि आरआयसी हा रोमन नाण्यांच्या संदर्भसूचीतला क्रमांक.) माझ्या हातात पडलेले नाणे 2.96 ग्रॅम भरते आणि ते चांदीचे नाही. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून त्यावर ठसा मारलेले ते नाणे आहे. कॅटलॉगमधले छायाचित्र याच नाण्याचे आहे, वजन मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी नाण्याचे आहे.

मागच्या बाजूला आसनावर बसलेली जी स्त्री आहे, जिला सहसा टायबेरियसची आई लिव्हिया मानले जाते, तिच्या आसनाखालच्या काळपट डागाला आपण ‘आकर्षक जुनी छटा’ म्हटले आहे. साधे दहापट भिंग लावले तरी दिसते की ती छटा नाही. तिथे चांदीचा पापुद्रा फुगून उचलला गेला आहे, त्याच्या फटीत लालसर तांबे दिसते आणि तांब्याच्या कडेने हिरवा गंज धरला आहे. काठावर, सम्राटाच्या मानेच्या खालच्या बाजूला, हीच फट नखाला लागते. काठाचे छायाचित्र आपण दिलेलेच नाही. मी हे नाणे लक्ष्मी रोडवरच्या आमच्या नेहमीच्या सराफांच्या काट्यावर तोलले, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलले. पाण्यात वजन 0.32 ग्रॅमने कमी भरले, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) साधारण 9.25 येते. शुद्ध चांदीचे ते 10.49 असते आणि तांब्याचे 8.96. टायबेरियसच्या काळातील डिनॅरियस जवळजवळ शुद्ध चांदीचा असे, तेव्हा हा आकडा कशाकडे बोट दाखवतो हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता आजच्या फोनविषयी. आपल्या प्रतिनिधीने प्रथम मला विचारले, “सर, नाणं दोन हजार वर्षांपूर्वीचंच आहे ना? मग ते नकली कसं?” मी सांगितले की नाणे आजकालचे आहे असे माझे म्हणणेच नाही. ते रोमन काळातले असेलही, पण ते त्या काळातल्या खोटे नाणे पाडणाऱ्याचे काम आहे. अशा नाण्यांना जगभरचे विक्रेते ‘फुरे’ म्हणतात, वर्णनात तसे स्पष्ट लिहितात आणि अस्सल नाण्याच्या किमतीच्या थोड्याशा भागात विकतात. त्यावर उत्तर आले, “तुमचा काटा भाजीवाल्याचा असेल.” काटा सराफाचा आहे असे सांगितल्यावर ते म्हणाले, “जमिनीत राहून वजन घटतं, सर.” मी त्यांना विचारले की 3.74 हे वजन आपल्या कार्यालयात तोललेले असेल, तर जमिनीतली सगळी झीज त्याआधीच होऊन गेलेली होती. मग उरलेले पाऊण ग्रॅमहून अधिक वजन मुंबई आणि पुण्याच्या मध्ये कुठे गेले? शिवाय झिजून एवढे वजन घटलेल्या नाण्यावर सम्राटाच्या डोक्यावरची लॉरेलच्या पानांची माळ आणि मागची अक्षरे इतकी ठसठशीत राहिली असती का? त्यांनी काही क्षण उत्तर दिले नाही. मग ते जे बोलले ते मी शब्दशः देतो: “सर, खरं सांगू का, या बजेटमध्ये इतकी चिकित्सा कोणी करत नाही. चिकित्सा करायची असेल तर दोन-चार लाखांच्या वर्गात या. तिथलं प्रत्येक नाणं आमचे तज्ज्ञ स्वतः बघतात.”

हे वाक्य ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. आपल्या प्रतिनिधीने माझा अपमान केला हा एक भाग झाला. त्याहून गंभीर भाग असा की माझ्यासारख्या ग्राहकांना विकली जाणारी नाणी आपले तज्ज्ञ बघतच नाहीत, ही कबुली त्यांनी देऊन टाकली. असे असेल तर कॅटलॉगच्या प्रत्येक पानाखाली ‘तज्ज्ञांकडून तपासलेले’ हे शब्द कोणत्या आधारावर छापलेले असतात?

मी वर्षाकाठी ठरावीक रक्कम बाजूला ठेवून ग्रीक आणि रोमन नाणी घेतो. सोन्याचा ऑरियस किंवा सिराक्यूजचे मोठे डेकाड्रॅक्म माझ्या आवाक्यात कधीच येणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्याचे दुःखही नाही. अथेन्सचे घुबडाचे टेट्राड्रॅक्म गेल्या काही वर्षांत बाजारात पुष्कळ आले असले तरी त्यासाठी मला अजून पैसे साठवावे लागतात. पण अलेक्झांडरचा ड्रॅक्म (ग्रीक चांदीचे नाणे), प्रजासत्ताकाच्या काळातला डिनॅरियस, हेड्रियनचे चांदीचे नाणे, हे सगळे माझ्यासारख्याला नीट निवडून घेता येते. आपल्याकडूनच मी पूर्वी कोलोफोन टांकसाळीचा अलेक्झांडरचा ड्रॅक्म घेतला होता. सिंहाचे कातडे पांघरलेला हेराक्लीस, मागे गरुड हाती घेऊन बसलेला झ्यूस, वजन 4.25 ग्रॅम, वर्णनातला शब्द न् शब्द नाण्याशी जुळला होता. त्याच विश्वासावर मी हे नाणे घेतले. लंडन किंवा म्युनिकच्या लिलावात जाऊन नाणे हातात घेऊन बघणे आम्हाला शक्य नसते. आमचा सगळा आधार आपण दिलेले वजन, संदर्भ क्रमांक आणि छायाचित्र एवढाच असतो. लाखांत खरेदी करणारा ग्राहक आपला जाणकार सोबत आणू शकतो, आम्ही तसे करू शकत नाही. म्हणूनच तपासणीची खरी गरज आमच्या नाण्यांना आहे.

आणि हे नाणे मी सहज म्हणून निवडले नव्हते. इसवी सन 14 ते 37 या टायबेरियसच्या राजवटीत हाच, मागच्या बाजूवर ‘पाँटिफ मॅक्सिम’ ही अक्षरे असलेला छाप जवळजवळ न बदलता पाडला गेला, आणि तो व्यापारातून आपल्या देशात भरपूर आला. तेलंगणातल्या अक्कनपल्लीच्या साठ्यात दीड हजारांहून अधिक रोमन डिनॅरियस निघाले, त्यांत सर्वाधिक टायबेरियसचे होते. दक्षिणेतल्या बंदरांवर मिरी आणि मोत्यांच्या बदल्यात जे नाणे स्वीकारले जात होते, त्याचा एक अस्सल नमुना आपल्या संग्रहात असावा अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. बायबलमधल्या प्रसंगात येशूला दाखवलेले कराचे नाणे हेच असावे असे मानले जात असल्याने त्याला मागणी मोठी आणि किंमतही चढी असते. मी ती पूर्ण किंमत मोजली. पूर्ण किंमत घेऊन आपण मला तांब्याची चकती दिली.

खोट्या नाण्यांचा प्रश्न रोमलाही नवा नव्हता. इसवी सन पूर्व 85 मध्ये मारियस ग्रॅटिडियानस या प्रेटरने (रोमन न्यायाधिकाऱ्याने) नाणी पारखण्याचा आदेश काढला, तेव्हा लोकांनी कृतज्ञतेने रस्तोरस्ती त्याचे पुतळे उभारले. बाजारात फिरणारे एकेक डिनॅरियस पारखून देणे हा तिथल्या सराफांचा रोजचा धंदा होता. आज आपल्यासमोर अचूक काटा आहे, भिंग आहे, संदर्भग्रंथ आहेत. त्यातला नुसता काटा वापरला असता तरी ही चूक विक्रीच्या आधीच लक्षात आली असती. 3.74 आणि 2.96 यांतला फरक दिसायला तज्ज्ञ लागत नाही.

आणखी एक. वर्णनात ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ असे लिहिले आहे. कोणता संग्रह, कोणत्या वर्षीचा लिलाव, कोणता क्रमांक, हे मी वारंवार विचारले आणि प्रत्येक वेळी ‘माहिती घेऊन कळवतो’ एवढेच उत्तर मिळाले. प्राचीन वस्तूंच्या आयातीबाबत युरोपीय संघाचे नियम जून 2025 पासून किती कडक झाले आहेत हे आपण जाणता. नाण्याचा पूर्वेतिहास दाखवणारा कागद आता नाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो आपल्याकडे असेल तर द्यावा, नसेल तर ते शब्द छापू नयेत.

‘अस्सलपणाची आजीवन हमी फक्त नाण्याच्या प्राचीनतेपुरती आहे’ हे आपल्या प्रतिनिधीचे स्पष्टीकरण मला मान्य नाही. हमीपत्र माझ्यासमोर आहे आणि त्यात ‘वर्णनाप्रमाणे’ असा शब्द आहे. वर्णनात धातू चांदी आहे आणि वजन 3.74 ग्रॅम आहे. यातले काहीही खरे नाही.

माझ्या मागण्या अशा. पूर्ण 42,000 रुपये आणि कुरिअर व विम्याचा खर्च मला परत मिळावा, आणि नाणे परत नेण्याची व्यवस्था आपल्या खर्चाने व्हावी. पुढच्या खरेदीवर सवलत देण्याचा जो प्रस्ताव आज मांडला गेला तो मी नाकारत आहे. नाणे परत गेल्यावर त्याच वर्णनाने ते दुसऱ्या कुणाला विकले जाणार नाही, असे लेखी आश्वासन मला हवे आहे, कारण माझ्या जागी सराफाच्या काट्यापर्यंत न जाणारा एखादा नवा संग्राहक असेल तर त्याला हे कधीच कळणार नाही. आजच्या फोनच्या सुरुवातीला संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याची सूचना मला ऐकवण्यात आली होती. ते ध्वनिमुद्रण पुसू नये, ते पुरावा म्हणून मागवले जाईल.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम जमा झाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी पुण्यातल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अनुचित व्यापार प्रथेची तक्रार दाखल करीन. सोबत नाण्याची तिन्ही बाजूंची छायाचित्रे, सराफांच्या सहीची वजनाची चिठ्ठी, आपली पावती आणि कॅटलॉगच्या पानाची प्रत जोडली आहे.

आपला ग्राहक,
पुणे