परिसर म्हणजे किती मीटर?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

मुंबई–गोवा महामार्गावर गॅसचा टँकर उलटला की 'परिसर रिकामा करण्यात आला' असे वाक्य बातमीत हमखास येते, पण परिसर म्हणजे किती मीटर हे कुठेच लिहिलेले नसते. मागे एकदा घाटात अडकलो होतो, तेव्हा वाहतूक जेमतेम दोनशे मीटरवर थोपवली होती आणि मंडळी मोबाइल घेऊन टपावर चढली होती.

हे अंतर नजरेच्या अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही. टँकरमध्ये साधारण १८ टन एलपीजी असतो. टाकी फुटून तो सगळा पेटला तर आगीचा गोळा केवढा होईल, याचे रूढ सूत्र शाळकरी मुलालाही जमेल: किलोतील वजनाचे घनमूळ काढायचे आणि त्याला ५.८ ने गुणायचे. व्यास सुमारे १५२ मीटर येतो आणि गोळा सुमारे १२ सेकंद जळतो. कातडी भाजून काढणारी धग मात्र गोळ्याच्या कडेच्या बऱ्याच पलीकडे जाते आणि टाकीचे पत्रे त्याहूनही लांब उडतात. म्हणूनच उत्तर अमेरिकेतील अग्निशामकांच्या मार्गदर्शिकेत आगीत सापडलेल्या टँकरभोवती चहूकडे १६०० मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले आहे.

अर्थात सूत्राला आपला घाट ठाऊक नसतो. टाकीचा जो भाग आतून द्रवाने भिजलेला असतो तो आगीतही तुलनेने थंड राहतो. वरचा कोरडा पत्रा तापून मऊ पडतो आणि तिथेच फाटतो. दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह माथ्यावर असतो, पण भरलेला टँकर आडवा झाला की तो द्रवाखाली जाऊ शकतो, आणि मग दाब अपेक्षेइतका उतरत नाही. जयपूरजवळ भांकरोट्याला २० डिसेंबर २०२४ रोजी घडले ते आणखी निराळे: तिथे नोझल तुटून गॅस रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने कोकणात तो उताराने वहाळात, वस्तीकडे उतरेल, आणि त्याचा हिशेब गोळ्याच्या सूत्रात नाही. तो वाऱ्याची दिशा आणि जमिनीचा उतार धरून वेगळा मांडावा लागतो.

असे दोन्ही हिशेब महामार्गावरील प्रत्येक घाटासाठी आधीच करून पोलीस चौकीत लावता येतील. तोवर आपल्या बातमीदारांनी घटनास्थळी असलेल्या अधिकाऱ्यांना अंतर किती ठेवले आणि ते कशावरून ठरवले, एवढे विचारून छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, चिपळूण