'इतर अनेक' कोण होते?

महोदय,

'२६/११'च्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या अंकात आलेला शहीद पोलिसांवरील लेख वाचला. हेमंत करकरे नागपूरच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. त्यांची आठवण या शहराने ठेवायलाच हवी. मात्र मारल्या गेलेल्या सामान्य नागरिकांची लेखात 'आणि इतर अनेक' एवढ्यावरच बोळवण झाली, हे फार खटकले. २००८ च्या त्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. त्यांतले ५८ एकट्या सीएसटी स्थानकातले. रात्री साडेनऊच्या सुमारास बाहेरगावच्या गाडीची वाट पाहत, बॅगा-बोचक्यांना टेकून, फरशीवर चादर अंथरून बसलेली माणसे होती ती. विदर्भ एक्स्प्रेस तिथूनच सुटते. आपल्यापैकी कित्येक जण त्याच फरशीवर तसेच बसलेले आहेत. त्या मृतांना शौर्यपदक मिळणार नाही, चौकाला त्यांचे नाव दिले जाणार नाही. निदान त्यांची नावे तरी उच्चारली जावीत. संविधान चौकात असो की शाळेत, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात भाषणे कमी करून सगळी १६६ नावे मोठ्याने वाचावीत. त्याला पंधरा मिनिटेही लागणार नाहीत. आपल्या दैनिकानेही पुढील वर्षी ही यादी पूर्ण छापावी, अशी कळकळीची विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर