आधी देव कोणता ते ठरवा

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या वादसभेत बाबांकडे 'देव आहे' आणि रोज पूजा करणाऱ्या आईकडे 'देव नाही' ही बाजू आली, चिठ्ठ्या टाकणाऱ्याला दाद द्यायला हवी. दोघांना एकच पत्र लिहितेय. वेगळी लिहिली असती तरी तुम्ही एकमेकांचं वाचलंच असतं.

सभा दीड तासाची असेल, तर पहिली पंधरा मिनिटं फक्त व्याख्येला द्या आणि ठरलेली व्याख्या फळ्यावर लिहून ठेवा. नाहीतर थोड्या वेळाने एकजण जगाच्या कर्त्याबद्दल, दुसरा नवसाला पावणाऱ्या देवाबद्दल आणि तिसरा 'कुठलीतरी शक्ती' याबद्दल बोलत असतो, आणि तिघांनाही वाटतं आपण एकाच विषयावर भांडतोय.

व्याख्या तपासायला न्यायशास्त्रातले, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातले, तीन दोष पुरेत. तिथे उदाहरण गाईचं देतात. 'काळी ती गाय' म्हटलं तर पिंगट कपिला बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'शिंगं असलेली' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'एकसंध खुराची' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता 'चार हातांचा तो देव' म्हणून बघा, कमरेवर दोनच हात ठेवलेला आपला विठोबा बाहेर! आणि 'शक्ती म्हणजे देव' म्हटलं की तारेतली वीजही देव होते. बाबा, तुमच्या बाजूचे लोक हीच शेवटची व्याख्या पुढे करतील, कारण ती खोडता येत नाही. ती घेऊ नका. जी नाकारताच येत नाही, ती सिद्ध करून मिळणार काय?

तुम्ही नैयायिकांचा, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्यांचा, ईश्वर घ्या. त्याची व्याख्या नेमकी आहे: ज्याचं ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न नित्य आहेत असा, जगाचं निमित्तकारण असलेला आत्मा. निमित्तकारण म्हणजे कुंभार, माती नव्हे. या मतात परमाणू आधीपासूनच आहेत, ईश्वर ते जुळवतो. त्यामुळे 'शून्यातून जग कसं आलं?' हा प्रश्न तुमच्यावर येतच नाही. मांडणी पाच पायऱ्यांची ठेवा. प्रतिज्ञा: पृथ्वी, अंकुर वगैरेंना कर्ता आहे. हेतू: कारण ती कार्यं आहेत, म्हणजे कधीतरी उत्पन्न झालेली. उदाहरण: जे जे कार्य त्याला कर्ता असतो, जसा घट. उपनय: पृथ्वी तशीच कार्य आहे. निगमन: म्हणून तिला कर्ता आहे. दहाव्या-अकराव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी हा आणि असे आणखी युक्तिवाद एकत्र बांधले. त्यांतला हाच सर्वांत दणकट, असं माझं मत.

आई, तुझा पहिला घाव उदाहरणावर पडू दे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडिताने विचारलं होतं: घट मातीचा आणि कुंभाराने केलेला, म्हणून मातीचं वारूळही कुंभारानेच केलं म्हणायचं का? मडकं पाहून आपण कुंभार ओळखतो, कारण तसल्या वस्तू माणूस घडवताना आपण पाहिलेलं असतं. डोंगर घडवताना कुणालाच पाहिलेलं नाही. 'कार्य' हा शब्द दोन्हींना लागतो, तेवढ्यावरून कर्ता दोन्हीकडे जात नाही.

दुसरा घाव शरीराचा. जिथे जिथे कर्ता दिसतो तिथे शरीरही दिसतं, तेव्हा कर्त्याची खूण 'कार्य असणं' ही नसून 'शरीराने केलेलं असणं' ही आहे. हेतूत लपलेल्या अशा अटीला उपाधी म्हणतात. बाबा, यावर नैयायिकाचं उत्तर असं की, कर्तेपणाला लागतं साहित्याचं ज्ञान, करायची इच्छा आणि प्रयत्न. शरीर कुंभाराला लागतं म्हणून कर्त्याला लागतंच असं नाही. हे उत्तर तोंडपाठ ठेवा, इथेच बहुतेक वक्ते गडबडतात.

तिसरा घाव मला सर्वांत आवडतो आणि तो तुझ्याच पठडीतला आहे, आई. कुमारिल भट्ट हे कट्टर मीमांसक, यज्ञयाग आणि वेदप्रामाण्याचे खंदे समर्थक, पण जगाचा कर्ता त्यांना मान्य नाही. ते विचारतात, त्याने जग केलं कशासाठी? हेतूवाचून तर मूर्खही काही करत नाही. करुणेपोटी म्हणाल, तर सृष्टीच्या आधी करुणा करण्याजोगं दुःखी होतं कोण? म्हणजे पूजा न सोडता तू ही बाजू मनापासून लढवू शकतेस. बाबा, यावर वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांकडे जाता येतं: ईश्वर प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून तो पक्षपाती किंवा निर्दय ठरत नाही, आणि संसार अनादी आहे, म्हणून 'पहिलं कर्म कोणतं?' हा प्रश्न उरत नाही. मात्र आई लगेच विचारील, सगळं कर्मानेच होत असेल तर ईश्वराचं काम काय उरलं? त्याची तयारी करून जा. मला विचाराल तर इथे आईचं पारडं थोडं जड आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांचा ईश्वर मध्ये आणू नका. तो क्लेश, कर्म, विपाक (कर्माचं फळ) आणि आशय (साठलेले संस्कार) यांचा स्पर्श नसलेला पुरुषविशेष, म्हणजे एक वेगळाच आत्मा आहे, त्याच्याकडे जग घडवण्याचं काम नाही. जोतीराव फुल्यांचा निर्मिक (देवासाठी त्यांचा शब्द) कर्ता आहे, पण त्याच्या आणि माणसाच्या मध्ये भट-पुरोहित चालत नाही. तो घेतला की वाद सृष्टीवरून समाजावर जाईल. तो वाद जास्त गरजेचा असेलही, पण त्याला वेगळी सभा ठेवा. अंधश्रद्धेचंही तेच. 2013चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा ठरावीक अघोरी प्रथांबद्दल आहे, देव असण्या-नसण्याबद्दल नाही.

अभंग म्हणायचा मोह बाबांना होणार. म्हणा, पण तुकोबांचीच 'आहे ऐसा देव वदवावी वाणी, नाही ऐसा मनी अनुभवावा' ही ओळ आईच्या हाती आहे, हे ध्यानात ठेवा. 'मला अनुभव आला' हेही तसंच. ज्याला आला त्याच्यापुरतं ते बळकट, समोरच्याला मात्र त्याने बांधता येत नाही.

अध्यक्षांना एवढं सांगा, की न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, वादात हरण्याच्या बावीस जागा आहेत, त्यांतल्या दोनच जागांवर घंटा वाजवा: अडचणीत आल्यावर मूळ विधानाला नवं विशेषण जोडणं (प्रतिज्ञांतर) आणि विषयाशी संबंध नसलेलं बोलणं (अर्थांतर). शिवाय उत्तर देण्याआधी प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत परत सांगायचं. वेळ जातो, पण निम्मे आक्षेप तिथेच गळतात.

बाबा, पाचही पायऱ्या एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून न्या. आई, उदाहरणाचा आक्षेप आधी घे आणि कुमारिल शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेव. बाबांनी हा परिच्छेद वाचला असेल तर क्रम उलटा कर.

तुमची,
धाकटी