सावली मांडवाखाली पडत नाही, बाबा

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांचं एक वाक्य पुरं होत नाही तोवर आई "जेवलीस का" म्हणून मध्ये येते आणि मूळ विषय राहूनच जातो. म्हणून हे लिहून पाठवते आहे. धाकट्याला ठळक अक्षरांत प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. बाबा, सावकाश वाचा. पेन घेऊन समासात खुणा करणारच तुम्ही, खुशाल करा.

आमच्या इथल्या, डॅलसच्या घराच्या मागच्या अंगणातल्या पर्गोल्याचा, म्हणजे लाकडी मांडवाचा, फोटो पाहून तुम्ही दोन गोष्टी बोललात. एक, "एवढं लाकूड लावलं आणि वर छप्पर विसरलात काय?" आणि दुसरी, "दिवाळी झाली की आपल्या घरामागच्या सांदवाडीत अस्साच करतो." पहिलीवर आम्ही दोघं खूप हसलो. दुसरीसाठी हे पत्र आहे. मांडव जरूर करा, पण अस्साच करू नका.

आधी आमचा कसा चालतो ते सांगते. चार खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर धारेवर उभ्या ठेवलेल्या फळ्या. 10 बाय 12 फूट, उंची 8 फूट. फळ्या दक्षिणोत्तर टाकल्या आहेत. प्रत्येक फळी साडेपाच इंच उंच, दीड इंच जाड, आणि दोन फळ्यांमध्ये साडेपाच इंचांचीच फट. तुम्ही विचारलेलं छप्पर त्या फटीत आहे. सूर्य पश्चिमेला कलून अर्ध्यावर आला की एका फळीची सावली शेजारच्या फळीच्या बुडाशी टेकते आणि फट बंद होते. जून-जुलैत इथे हे संध्याकाळी पाचच्या सुमारास होतं. मात्र दुपारी दीडला, म्हणजे इथल्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे सूर्य सगळ्यात वर असतो तेव्हा, खाली नुसते चट्टेपट्टे असतात. पाचातला एक हिस्सा सावली, बाकी ऊन. आम्हाला ते चालतं, कारण दुपारी दीडला अंगणात बसायला घरी असतं कोण? इथे जूनमध्ये सूर्य मावळायला साडेआठ वाजून जातात. आमचं बसणं-उठणं सगळं पाचनंतरचं.

त्यातही एक गंमत आहे, जी मला कुठल्याही फोटोत दिसली नव्हती. लाकूड आणण्याआधी जूनमध्ये मी 8 फुटांची एक काठी जमिनीत रोवली आणि सुट्टीच्या दिवशी दर तासाला सावलीच्या टोकावर एकेक वीट ठेवत गेले. जावई तुमचे खिडकीतून बघत होते, बायकोला ऊन लागलं की काय अशा नजरेने. पाच वाजता टोकाची वीट काठीपासून साडेआठ फूट पूर्वेला होती. सातला 24 फूट, जवळजवळ शेजाऱ्याच्या कुंपणाशी. म्हणजे ज्या वेळी आम्हाला सावली हवी, त्या वेळी ती मांडवाखाली पडतच नाही, बाजूला पडते. म्हणून आमचा पर्गोला दारासमोर नाही, जरा पश्चिमेकडे सरकवलेला आहे आणि खुर्च्या पूर्वेच्या कडेला आहेत. सातनंतरचं ऊन तर छपराखालूनच आत शिरतं. त्याला वरून काही करता येत नाही, म्हणून पश्चिमेच्या दोन खांबांमध्ये जाफरी ठोकली आणि तिच्यावर दोडका सोडला. फोटोत ती जाफरी शोभेची वाटते, पण संध्याकाळी खरं काम तीच करते.

आता आपल्या वर्ध्याचं बघा. सांदवाडीत आई बसते कधी? वाळवणाच्या दिवसांत, सकाळी नवापासून दुपारी एकपर्यंत. सरगुंडे, कुरडया, मुंगवड्या उन्हात आणि आई त्यांच्यावर पाखरांची राखण करत भिंतीच्या वीतभर सावलीत. आणि ऊन कुठलं, तर मे अखेरच्या नवतप्याचं. नागपुरात 26 मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो, आपल्याकडे त्याच्या एक-दोन दिवस आधी. सव्वाबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर. त्या वेळी माझी उभी फळी किती सावली देईल? आपल्या जाडीइतकी, दीड इंच. म्हणजे तुम्ही माझा मांडव तंतोतंत उतरवलात तर आईला पुरती सावली मिळेल ती दुपारी साडेतीननंतर, जेव्हा तिची राखण आटोपून ती केव्हाच आत गेलेली असते.

तुम्हाला लागतं ते आडवं आच्छादन. आजोबांच्या मळ्यात बांबूंवर तुराट्या पसरून केलेला मांडव आठवतोय ना, त्याची अक्कल इथल्या कॅटलॉगांपेक्षा कमी नव्हती. फक्त तुराट्या दर वर्षी बदलाव्या लागतात आणि त्या आणून टाकणार कोण, हा प्रश्न आहे. हिरवी नेट तुमची आवडती, पण मे अखेरीच्या वावधानात ती शिडासारखी फुगते आणि सगळा ताण खांबांवर येतो. मागे तिने पत्र्याचा कोपरा उचलला होता, ते तुम्ही विसरला असाल, आई विसरलेली नाही. माझं मत वेलाला. मधुमालती लावा. ती भराभर चढते, पाणी मिळालं की उन्हाळ्यात भरगच्च असते आणि आईला वासही आवडतो. ती वर पसरेपर्यंत, म्हणजे येत्या उन्हाळ्यापुरती, नेट बांधा. पण कडेला गाठी मारून नको, सुटी करता येईल अशी. वारा सुटला की दोन आकडे काढले की खाली.

काळ्या मातीचं मी तुम्हाला काय सांगणार. उभी नोकरी तुम्ही पाटबंधाऱ्यात काढलीत. पण हे ऐकून तुम्हाला मजा वाटेल: डॅलसच्या या भागातली मातीही त्याच जातीची आहे. ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात या पट्ट्याला, आणि इथेही एके काळी कापूसच कापूस होता. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून वर. घराचा पाया असा हलतो की दारं लागेनाशी होतात. म्हणून लोक उन्हाळ्यात घराभोवती झिरपत्या नळ्या टाकून चक्क पायाला पाणी पाजतात! मला पहिल्यांदा कोणी सांगितलं तेव्हा थट्टा वाटली होती. तेव्हा मी पर्गोला घराच्या भिंतीला अजिबात जोडला नाही. घर एका चालीने हलणार, मांडव दुसऱ्या चालीने, जोड मधल्या मध्ये फाटणार. तुम्हीही स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत पट्टी ठोकून दोन खांब वाचवण्याचा विचार करत असाल, मी ओळखते तुम्हाला. तो सोडा. चारही खांब स्वतंत्र ठेवा, आणि मुरूम लागेपर्यंत खणून घ्या.

खणण्यावरून आठवलं. इथे अंगणात खड्डा करायच्या आधी 811 या फोन नंबरवर कळवावं लागतं. फुकट असतं. माणसं येऊन गवतावर रंगाचे पट्टे मारून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी फोन-इंटरनेट. आमच्या अंगणात आठवडाभर रांगोळी असल्यासारखं होतं, आणि एक खड्डा त्यामुळे दोन फूट सरकवावा लागला. आपल्याकडे बोअरपासून टाकीकडे जाणारा पाइप कुठून गेलाय हे फक्त तुमच्या डोक्यात आहे. कृपा करून ते एका कागदावर काढून धाकट्याकडे द्या. मांडव होवो न होवो, तो कागद हवा.

आखणी मी तुमच्याच पद्धतीने केली. दोरी, खुंट्या, काटकोनासाठी 3-4-5 चा गुण्या, मग दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्हीकडे 15 फूट साडेसात इंच भरेपर्यंत खुंट्या हलवत बसले. इथे लेझरची यंत्रं भाड्याने मिळतात, घ्यावंसं वाटलं नाही.

खांबांची पावलं मात्र बघून ठेवण्यासारखी आहेत, फोटो वेगळा पाठवते. खांब काँक्रीटमध्ये गाडलेला नाही. काँक्रीटमध्ये एक लोखंडी पाऊल बसवलंय आणि खांब त्याच्यावर, जमिनीपासून इंचभर अधांतरी. पावसाचं पाणी खालून वाहून जातं, लाकडाचं बूड कोरडं राहतं. इथलं स्वस्त लाकूड पाइनचं, त्यात तांब्याचं औषध दाबाखाली मुरवलेलं असतं, म्हणून किडीपासून वाचतं. पण तेच तांबं साध्या खिळ्यांना खातं, त्यामुळे बोल्ट-स्क्रू सगळे जस्त चढवलेले घ्यावे लागतात. लाकूड आणलं तेव्हा ओलं आणि जडशीळ होतं. रंग अजून दिलेला नाही. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे, ते तसेच मोत्यासारखे राहिले तर थांबायचं, आत मुरले तर रंग द्यायचा. अजून तरी मोतीच.

तुमच्या मनात गोठ्यातले सागवानी वासे आहेत, हे आईने मला सांगून टाकलंय. बल्लारशाचा सागवान, आजोबांच्या वेळचा, मान्य. पण तो उन्हापावसात उभा करू नका. गाभ्याला उधई लागत नसली तरी कडेचं पांढरं लाकूड ती सोडत नाही, आणि काळ्या मातीत गाडलात तर बूड आधी जाईल. खांबांना दोन इंची जीआय पाइप घ्या, वरती आडवे पाइप किंवा चांगले बांबू. त्या सागवानाचा आईसाठी टेकायला पाठ असलेला बाक करून घ्या सुताराकडून. बसायची उंची 18 इंच ठेवायला सांगा, त्याहून खाली नको. गुडघ्यांना उठताना त्रास होतो आणि ती सांगणार नाही.

आणि आता मुख्य गोष्ट, जी फोनवर काढली की तुम्ही "नेटवर्क नाही" म्हणता. शिडीवर तुम्ही चढायचं नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. अशात शिडीची पायरी जिथे दिसते तिथे ती नसते. मी स्वतः वर होते, तुमचे जावई खाली शिडी धरून, आणि तरीही तुळई चढवायला शेजारची दोन माणसं बोलावली. एका माणसाने करायचं कामच नाही ते. एक वेल्डर आणि दोन गडी लावा, पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको. तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा, ओळंबा आणि लेव्हल तुमच्या हातात. खालून ओरडून दुसऱ्यांकडून काम सरळ करून घेणं तुमच्याइतकं कोणाला जमत नाही, अर्ध्या जिल्ह्याचे कालवे साक्षीला आहेत.

मला दोन मापं कळवा: मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंतचं अंतर, आणि संडासची टाकी खणली तेव्हा मुरूम किती फुटांवर लागला होता. तुमच्या जुन्या डायरीत असेलच.

आई, वाळवणाची खाट तू कुठे टाकतेस तेवढी जागा बाबांना चुन्याने आखून दे. उत्साहाच्या भरात ते तिच्यावरही सावली करून ठेवतील आणि मग कुरडया वाळायच्या गच्चीवर, म्हणजे जिना आला. बाक सावलीत, खाट उन्हात, आणि दोन्हींमध्ये हातातली काठी पोचेल एवढंच अंतर. मधुमालतीसोबत एका खांबाला वालाचा वेलही चढव, बाबा नको म्हणतील, तरी चढव.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, इथे दोन बाय सहा म्हणून जी फळी विकतात ती मोजली की दीड बाय साडेपाच भरते. सगळ्याच दुकानांत, राजरोस. पावतीवर मात्र दोन बाय सहा. तुम्ही असतात तर तिथेच पट्टी काढून मॅनेजरला बोलावलं असतं, आणि मी नेहमीसारखी दुसऱ्या ओळीत जाऊन उभी राहिले असते.